झारच्या अंगरख्याची बटणं



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. सनावळ्या पाठ करून आलेल्या मुलाचं ते कौतुक करत, पण त्याला सोडत नसत. ‘राजाने कर वाढवला म्हणून प्रजा चिडली’ असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असे. कर कशात घेतला? धान्यात की रोख? रोख असेल तर कोणत्या नाण्यात? आम्ही गप्प. मग सर खडू ठेवून म्हणत, ‘हे कळत नाही तोवर प्रजा का चिडली ते तुला कळलेलं नाही.’ आज मी जे सांगणार आहे ते त्यांच्या या एका प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा दिलेलं आहे, चाळीसेक वर्षांनी.

खिशातून एक नाणं आणलंय. शेवटच्या रांगेला दिसणार नाही. पहिल्या रांगेलाही दिसेल की नाही शंका आहे. कलिंगडाच्या बीएवढं, तसंच लांबट आणि वाकडंतिकडं. सतराव्या शतकातला रशियन कोपेक असाच असे. ओतीव चकती नाही. धातूची तार ओढायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा ठोकून चपटा करायचा आणि ठशांच्या मध्ये ठेवून वर घण घालायचा. एका बाजूला भाला घेतलेला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला झारचं नाव. पण ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळे कधी घोड्याचं डोकं येई, कधी नुसत्या तंगड्या. माझं हे नाणं तांब्याचं आहे. मॉस्कोच्या जुन्या बाजारात घेतलं. विकणारा अस्सल आहे म्हणाला, बरोबरच्या जाणकारानं बनावट ठरवलं. मी वाद घातला नाही. हे नाणं चालू होतं त्या काळातही मॉस्कोत हाच वाद घरोघर चालला होता.

पण तांब्याच्या नाण्याकडे येण्याआधी मिठापासून सुरुवात करतो. मिठावरचा कर म्हटलं की आपल्याला शिरोडा आणि वडाळा आठवणार, 1930 साल आठवणार. ते आज बाजूला ठेवा. 1645 साली अलेक्सेई मिखाइलोविच हा सोळा वर्षांचा मुलगा रशियाच्या गादीवर आला. त्याच्या घराण्याचं, रोमानोवांचं, राज्य जेमतेम बत्तीस वर्षांचं होतं. त्याआधी दुष्काळ, तोतये राजे, परकीय फौजा असं सगळं होऊन देश पार पिंजून निघालेला. खजिना रिकामा. कारभार होता राजाला लहानाचा मोठा करणाऱ्या बोरिस मोरोझोवकडे. हा हुशार माणूस होता, आणि त्याची हुशारी मला आजही अस्वस्थ करते, कारण त्याचा युक्तिवाद कोणत्याही काळातल्या अर्थखात्यात खपून जाईल.

त्याचं म्हणणं असं. थेट कर सगळ्यांकडून वसूल होत नाही. शहरातला कर वस्तीवर एकत्र बसतो. वस्तीतली दहा घरं पळून गेली, किंवा मठाच्या नाहीतर बड्या सरदाराच्या जागेत जाऊन राहिली, की त्यांचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. मठांच्या आणि सरदारांच्या त्या वस्त्यांना कर माफ होता, त्यांना ‘पांढऱ्या वस्त्या’ म्हणत. मग त्याच वस्तूवर कर बसवा जी पांढऱ्या वस्तीतलाही खातो, पळून गेलेलाही खातो. 1646च्या फेब्रुवारीत दर पुडामागे, म्हणजे साधारण सोळा किलोंमागे, मिठावर वीस कोपेक कर बसला आणि त्या बदल्यात काही मोठे थेट कर रद्द झाले. कागदावर दोष काढायला जागा नाही.

मोरोझोवनं एकच गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे गरिबाचं जेवण. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाचे निम्म्याहून अधिक दिवस उपवासाचे. मांस नाही, दूध नाही. हिवाळा सहा महिन्यांचा. मग माणूस खातो काय? खारवलेला मासा, खारवलेला कोबी, खारवलेली काकडी. आपल्याकडे मीठ ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर असतं. तिथे ते पिंपात असतं. श्रीमंताच्या घरी जितकं लागेल त्याहून गरिबाच्या घरी जास्त. मीठ महागलं तेव्हा लोकांनी ते कमी घेतलं, व्होल्गेवरच्या मच्छीमारांनी मासा कमी खारवला आणि तो ढिगांनी सडला. खजिन्यात अपेक्षेइतकी रक्कम आली नाही. 1647च्या डिसेंबरात कर उठवला.

इथेच गोष्ट संपली असती तर ती एका फसलेल्या कराची गोष्ट ठरली असती, आणि अशा गोष्टी कुठल्याही दफ्तरात खंडीभर सापडतात. पण मीठकर उठवल्यावर सरकारनं रद्द केलेले जुने कर पुन्हा सुरू केले, आणि मधल्या वर्षांची थकबाकीही मागितली. म्हणजे ज्या कराच्या बदल्यात लोकांनी महाग मीठ खाल्लं, तोच कर मागच्या वर्षांसकट. पुण्यातल्या एखाद्या भाडेकरूला सांगा की घरमालकानं असं केलं, आणि बघा तो काय बोलतो. शिवाय काटकसर म्हणून स्त्रेल्त्सींचे, म्हणजे राजधानीचं रक्षण करणाऱ्या बंदूकधारी शिपायांचे, पगार कापले होते. काटकसर करावी, पण ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्यापासून सुरू करू नये, एवढं तरी शहाणपण हवं होतं.

आता एक शब्द सांगायचा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. त्या काळी रशियात अर्जाला ‘चेलोबित्नाया’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘कपाळ आपटणं’. अर्ज करणारा स्वतःला काय म्हणवतो हेही ठरलेलं. सरदार असो की शिपाई, चाकरीतला माणूस स्वतःला झारचा ‘गुलाम’ लिहितो. धर्मगुरू लिहितो, ‘तुझ्यासाठी प्रार्थना करणारा’. आणि शहरातला कारागीर, गावातला शेतकरी लिहितो ‘तुझं अनाथ पोर’. आपल्याकडच्या ‘मायबाप सरकार’ची ही दुसरी बाजू. आपण समोरच्याला आईबाप करतो, ते स्वतःला पोरकं करून घेत. अर्थ एकच: तुझ्याशिवाय आम्हाला कुणी नाही, तेव्हा तू ऐकलं पाहिजेस. हे नुसतं लाचारीचं बोलणं समजू नका. त्यात हक्क आहे. कपाळ आपटायचा हक्क.

1 जून 1648 या दिवशी, त्यांच्या जुन्या पंचांगानं, एकोणीस वर्षांचा झार यात्रेहून मॉस्कोत परतत होता. वाटेत लोकांनी त्याला गाठलं. त्यांच्याकडे अर्ज होता, लिओन्ती प्लेश्चेयेव या शहराच्या न्यायाधिकाऱ्याविरुद्ध. हा माणूस खोटे आरोप ठेवून पैसे उकळतो, अशी तक्रार. अर्ज घेतला नाही. शिपायांनी चाबूक चालवले, काहींना पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी धार्मिक मिरवणुकीत पुन्हा तेच. पण या वेळी लोक झारच्या मागोमाग थेट क्रेमलिनमध्ये शिरले. स्त्रेल्त्सींना गर्दी हटवायला सांगितलं तेव्हा त्यांनी हात आखडला. कापलेल्या पगाराची ती पोच होती.

पुढचे दिवस भयंकर गेले. मोरोझोवचा वाडा लुटला. मीठकराची कल्पना ज्याची समजली जात होती त्या नाझार चिस्तोय या अधिकाऱ्याला त्याच्या घरात ठार केलं. हे मिठाबद्दल, असं मारणारे म्हणत होते अशी नोंद एका परदेशी प्रवाशाच्या वृत्तांतात आहे. शहराला आग लागली आणि मोठा भाग जळाला. झारनं प्लेश्चेयेवला शिक्षेसाठी बाहेर पाठवलं, पण फाशी देणाऱ्यापर्यंत तो पोचलाच नाही, जमावानं वाटेतच संपवला. मोरोझोवलाही मागत होते. तेव्हा झार स्वतः लोकांसमोर आला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, यानं मला वाढवलंय, एवढ्याचा जीव मला द्या. लोकांनी दिला. मोरोझोव दूर उत्तरेच्या मठात गेला, चार-पाच महिन्यांत परतही आला. लोकांनी राजाचा शब्द मानला होता. राजानं स्वतःच्या सोयीनं.

या दंग्यातून एक मोठा कायदा जन्माला आला. 1649चं ‘उलोझेनिये’, म्हणजे विधिसंहिता. 25 प्रकरणं, 967 कलमं. मूळ प्रत गुंडाळीच्या रूपात आहे, कागदाला कागद चिकटवत गेलेली, लांबी सुमारे 309 मीटर. शहरवासीयांची मोठी मागणी तिच्यात मान्य झाली: पांढऱ्या वस्त्या बंद, सगळ्यांनी कर भरायचा. सरदारांचीही मागणी मान्य झाली, आणि तिची किंमत शेतकऱ्यानं पुढची दोनशे वर्षं मोजली: पळालेल्या कुळाला परत आणायला आता मुदत उरली नाही, कधीही, कितीही वर्षांनी आणता येईल. पण माझं लक्ष या 309 मीटरांतल्या दोन बारीक गोष्टींकडे जातं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणीही झारपुढे अर्ज घेऊन जायचं नाही. आणि कचेरीत दाद न मागता परस्पर झारकडे अर्ज केला तर काठ्यांचे फटके. म्हणजे दंगा ज्या गोष्टीतून झाला, अर्ज हातात न घेतल्यातून, त्या गोष्टीवर सरकारनं काढलेला इलाज हा, की अर्ज करणंच गुन्हा.

आता तांब्याकडे.

1654 साली रशियानं पोलंडशी युद्ध सुरू केलं. त्याच वर्षी मॉस्कोत प्लेग आला. रशियाकडे स्वतःच्या चांदीच्या खाणी नव्हत्या. परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेले थालेर, म्हणजे त्यांच्याकडची चांदीची नाणी, वितळवून आपली नाणी पाडत. फौजेचे पगार कुठून द्यायचे? मग तांब्याचे कोपेक निघाले. आकार तोच, घोडेस्वार तोच, किंमतही चांदीच्या कोपेकाएवढीच, असा हुकूम.

इथे एका तुलनेचा मोह आवरत नाही, आणि ती आपल्या घरचीच आहे. 1330च्या आसपास महंमद तुघलकानं, देवगिरीला दौलताबाद करून तिथे राजधानी नेणाऱ्या त्याच सुलतानानं, तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीनं चालवली होती. लोकांनी घरोघर टांकसाळी काढल्या. आपण शाळेत त्याला वेडा म्हणून हसलो. पण योजना बुडाली तेव्हा या वेड्यानं एक गोष्ट केली: तांब्याची नाणी आणा, खजिन्यातून चांदी घेऊन जा. खजिन्याची धूळधाण झाली, पण दिलेला शब्द त्यानं पाळला. ‘तुघलकी’ हा शब्द आपण फार सढळ हातानं वापरतो.

मॉस्कोचं सरकार शहाणं होतं. त्यानं पगार तांब्यात दिला आणि पुढे पुढे कर चांदीत मागितला.

सर विचारत तो प्रश्न हाच. पहिली तीन-चार वर्षं तांबं बरं चाललं. मग बट्टा लागायला लागला. सराफीतला हा आपला जुना शब्द. नाण्याला लागतो आणि नावालाही लागतो. आधी थोडा, मग दुप्पट, तिप्पट. 1663पर्यंत चांदीच्या एका रुबलाला तांब्याचे बारा ते पंधरा रुबल पडू लागले. खेड्यातला शेतकरी तांबं घेऊन धान्य विकेना. शिपायाचा पगार आकड्यानं तोच, बाजारात त्याची पावशेर किंमत. 1662 साली सरकारनं ताग, चामडं, चरबी, सेबलची फर अशा परदेशी जाणाऱ्या मालाची खरेदी स्वतःच्या हाती घेतली: व्यापाऱ्यांना दाम तांब्यात द्यायचा, आणि तोच माल परदेशी व्यापाऱ्याला चांदीत विकायचा. शिवाय खोटी नाणी. त्यासाठी कायद्यानं शिक्षा सांगितली होती ती वितळलेला धातू घशात ओतण्याची. तरी लोक थांबेनात. टांकसाळीतले कारागीर, कालपर्यंत गरीब, एकाएकी चांगली घरं बांधू लागले, बायकांना सरदारणीसारखे कपडे करू लागले आणि बाजारात घासाघीस न करता खरेदी करू लागले. घासाघीस न करणं! कोणत्याही मंडईत एवढ्यावरून चोर ओळखता येतो.

हे मला कुणी सांगितलं? ग्रिगोरी कोतोशिखिन यानं. परराष्ट्र कचेरीतला कारकून. 1660 साली एका कागदात झारच्या पदव्यांपैकी एक शब्द लिहायचा राहिला म्हणून त्याला काठ्या खाव्या लागल्या. 1664 साली तो पळाला आणि शेवटी स्टॉकहोमला पोचला. तिथे त्यानं रशियाच्या कारभाराचं एक तपशीलवार वर्णन लिहिलं. 1667 साली घरमालकाशी मारामारी झाली, घरमालक मेला, आणि स्वीडिश सरकारनं कोतोशिखिनचं डोकं उडवलं. त्याचं हस्तलिखित पुढे एकोणिसाव्या शतकात उप्सालाला सापडलं. माणूस फितूर खरा. पण सरकारी कारकुनाला जे दिसतं ते इतिहासकाराला कधी दिसत नाही. तो आकडे फुगवतो असा संशय मला अधूनमधून येतो, बायकांच्या कपड्यांबद्दल मात्र येत नाही.

25 जुलै 1662. आपल्याकडे त्या दिवसांत शाहिस्तेखान पुण्याच्या लाल महालात तळ देऊन बसला होता. मॉस्कोत पहाटे लुब्यांका या भागात एका खांबावर मेणानं चिकटवलेला कागद लोकांना दिसला. झारचा सासरा इल्या मिलोस्लावस्की, दरबारी र्तिश्चेव, व्यापारी शोरिन हे फितूर आहेत, असं त्यात लिहिलं होतं. पैशाच्या व्यवहाराशी या सगळ्यांचा संबंध. सासऱ्यानं स्वतःसाठीही तांबं पाडून घेतल्याची बोलवा होती. अधिकाऱ्यांनी कागद काढून न्यायला घेतला, लोकांनी तो हिसकावला. एका शिपायानं मोठ्यानं वाचून दाखवला. आणि मग हजारो लोक पायी निघाले कोलोमेन्स्कोयेला, शहराबाहेर झारच्या उन्हाळी मुक्कामाला. हातात शस्त्रं नाहीत. सोबत तो कागद. तेरा वर्षांपूर्वी काठ्यांचे फटके लावून बंद केलेली गोष्ट, परस्पर झारकडे जाण्याची.

झार चर्चमध्ये होता. गर्दी दिसताच सासऱ्याला आणि र्तिश्चेवला त्यानं राणीच्या महालात लपायला सांगितलं आणि स्वतः बाहेर आला. लोकांनी टोपीत ठेवलेला कागद त्याच्या पुढे केला. फितुरांना आणून उभं करा म्हणाले. झार शांतपणे बोलला: मी शहरात येतो, चौकशी करतो. तेव्हा, कोतोशिखिन लिहितो, लोकांनी झारला त्याच्या अंगरख्याच्या बटणांना धरलं आणि विचारलं की आम्ही विश्वास कशावर ठेवायचा.

या बटणांपाशी मी बराच काळ थांबलेलो आहे. ज्याच्यापुढे कपाळ जमिनीला लावायचं, ज्याच्या पदवीतला एक शब्द गाळला तर काठ्या बसतात, त्याला बटणांना धरलंय. मारलं नाही, ढकललं नाही. दुकानदारानं मापात खोट केली की आपण त्याचा हात धरून ठेवतो ना, चल, पुन्हा मोज, तसं. त्या सकाळी त्यांना हवा होता एक असा शब्द, ज्याला बट्टा लागणार नाही.

झारनं देवाची शपथ घेतली आणि हात पुढे केला. गर्दीतल्या एकानं झारच्या हातावर हात मारला. मॉस्कोच्या बाजारात सौदा असाच पक्का होई. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात, त्यांच्याकडे उघड टाळी. सौदा झाला. लोक माघारी फिरले.

तेवढ्यात शहरात दुसऱ्या जमावानं शोरिनचा वाडा लुटला होता. त्याचा मुलगा वेषांतर करून पळत होता, तो सापडला. त्याच्याकडून बाप पोलंडला पळाल्याचं वदवून घेतलं, आणि त्याला साक्षीला घेऊन हा जमाव कोलोमेन्स्कोयेकडे निघाला. वाटेत परतणारे भेटले, त्यांनाही यांनी उलटं वळवलं. झार शहराकडे निघायला घोड्यावर बसत होता. आता बोलणं उद्धट झालं: फितूर द्या, नाहीतर आम्ही घेऊ. पण मधल्या वेळात स्त्रेल्त्सींच्या पलटणी येऊन पोचल्या होत्या, आणि या वेळी त्यांनी हात आखडला नाही. लोक नि:शस्त्र होते. पळता पळता मॉस्क्वा नदीत शंभराहून अधिक बुडाले. मारलेले आणि पकडलेले मिळून सात हजारांवर, असं कोतोशिखिनचं म्हणणं. कित्येकांना फाशी दिलं. बाकीच्यांच्या उजव्या गालावर तापल्या लोखंडानं ‘बंडखोर’ शब्दाचं आद्याक्षर उमटवून बायकामुलांसकट सायबेरियाला धाडलं. घोडेस्वाराचा ठसा तांब्यावर, अक्षराचा ठसा गालावर. दोन्ही एकाच सरकारनं मारलेले.

तांबं त्यानंतरही वर्षभर चाललं. 1663च्या जूनमध्ये ते बंद करून चांदी परत आणली, आणि लोकांकडची तांब्याची नाणी कवडीमोलानं घेतली. मागणी बरोबर होती, हे सरकारनं असं मान्य केलं. मागणाऱ्यांना सायबेरियाहून परत बोलावलं नाही.

खांबावरचा तो कागद कुणी लिहिला? सरकारनं कसून शोध घेतला. मॉस्कोतल्या लिहिणाऱ्यांच्या हस्ताक्षरांचे नमुने गोळा करून कागदाशी ताडून पाहिले. लिहिणारा सापडला नाही. शक्यता अशी की कुणीतरी कारकूनच होता. कचेरीत बसून तांब्यात पगार घेणारा.

काही वर्षांनी झारनं कोलोमेन्स्कोयेला भलामोठा लाकडी राजवाडा बांधला, 270 खोल्यांचा. लोक सांगतात, वाड्यासमोर त्यानं खांबावर एक लांब पेटी बसवली होती. कुणालाही अर्ज करायचा असेल तर पेटीत टाकावा, झार स्वतः वाचील. अर्ज पडत, आणि बरेच दिवस पेटीतच राहत. रशियन भाषेत आजही एखादं काम लांबणीवर टाकलं की ‘लांब पेटीत टाकलं’ म्हणतात. भाषेचे अभ्यासक ही कथा मानत नाहीत, ते म्हणतात वाक्प्रचार जर्मनमधून आलाय. असेल. पण रशियन माणसाला विचारलं तर तो पेटीचीच गोष्ट सांगतो, आणि कोलोमेन्स्कोयेचीच.